फ्लॅक खरी की चढवलेली? स्पेक्ट्रोग्राम बघताना पुन्हा पुन्हा होणारा घोळ

अशोक विजयादशमी झाली की आठवडाभरात माझ्याकडे एक ठरलेली तक्रार येते. दीक्षाभूमीच्या स्टॉलवरून कुणी पेनड्राइव्ह आणलेला असतो, कुणी भीमगीतांच्या सीड्या, कुणी घरच्या जुन्या कॅसेट उतरवलेल्या असतात. मग रात्री दहाला फोन. “दादा, फाईल फ्लॅक आहे, साइझ तीस एमबी आहे, पण झांज वाजली की पाण्यातून आल्यासारखी वाटून राहिली. स्पेकमध्ये टाकली तर वरून कापलेली दिसते. फेक आहे का?”

स्पेक हा फाईलमधल्या आवाजाचं चित्र, म्हणजे स्पेक्ट्रोग्राम, काढणारा प्रोग्राम: आडवा वेळ, उभी फ्रिक्वेन्सी, रंग म्हणजे आवाजाचा जोर. आणि फेक म्हणजे एमपीथ्रीवर फ्लॅकचा वेश चढवलेली फाईल. उत्तर कधी ‘हो’ असतं, कधी ‘नाही’, आणि मी दोन्ही बाजूंनी चुकलेलो आहे. एका खऱ्या फाईलला खोटी म्हटलं, एका खोटीला खरी म्हणून पास केलं. दोन्ही वेळा चित्र बरोबर होतं, वाचणारा चुकला. म्हणून हे एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. फ्लॅक, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळता फाईल लहान करणारा प्रकार, हा नुसता डबा आहे. साजूक तुपाच्या डब्यात डालडा भरला तर डबा तक्रार करत नाही. फ्लॅक फाईलमध्ये भरलेल्या आवाजाची एमडी५ खूण (ताडून बघायचा आकडा) साठवलेली असते, आणि ‘टेस्ट’ केली की प्रोग्राम ‘ओके’ म्हणतो. लोक त्याचा स्क्रीनशॉट पुरावा म्हणून पाठवतात. त्या ‘ओके’चा अर्थ एवढाच, की डब्यात जे भरलं तेच बाहेर आलं. भरणाऱ्याने एमपीथ्री उलगडून भरली असेल, तर ती एमपीथ्री अगदी तंतोतंत बाहेर येईल.

साइझवरूनही कळत नाही. सीडीचा हिशोब सेकंदाला ४४,१०० सॅम्पल (आवाजाची मोजमापं), प्रत्येक १६ बिटांचं, दोन चॅनेल, म्हणजे सेकंदाला १४,११,२०० बिट. फ्लॅक त्यातलं साधारण निम्म्यापर्यंत आणते, पण गाण्यागणिक फरक पडतो. नुसता तानपुरा आणि गळा असेल तर फाईल लहान, ढोलकी-ऑर्गन-कोरस असेल तर मोठी. जुनं मोनो रेकॉर्डिंग दोन्ही चॅनेलना हुबेहूब सारखं असेल तर फ्लॅक दुसरा चॅनेल जवळपास फुकटात साठवते, आणि बिटरेट, म्हणजे सेकंदाला लागणारे बिट, कमी बघून माणूस उगाच घाबरतो.

आधी चष्मा पुसा

माझ्याकडे आलेल्या निम्म्या तक्रारी फाईलच्या नसतात, सेटिंगच्या असतात. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्राममध्ये ट्रॅकच्या नावावर क्लिक करून स्पेक्ट्रोग्राम निवडला की पहिल्यांदा जे चित्र येतं त्याची वरची हद्द बहुतेक वेळा २०,००० हर्ट्झच असते, आणि उभी पट्टी ‘मेल’ प्रकारची असते. म्हणजे वरचा भाग दाबलेला आणि २० किलोहर्ट्झच्या वरचा तर दाखवलेलाच नाही. एका पोराने मला मोठ्या आत्मविश्वासाने लिहिलं होतं, “माझ्या सगळ्या सीड्या २० किलोहर्ट्झवर कापलेल्या आहेत.” बाप्पा! सीड्या ठीक होत्या, खिडकीच तेवढी होती. स्पेक्ट्रोग्राम सेटिंगमध्ये जाऊन पट्टी ‘लिनिअर’ करा आणि वरची हद्द २२,०५० करा. सीडीच्या सॅम्पल दराच्या निम्मी, म्हणजे तिथे याहून वर काही असूच शकत नाही.

दुसरं सेटिंग ‘रेंज’. ती ८० डेसिबल असेल तर वरचे बारीक आवाज काळ्यात बुडून जातात आणि नसलेला कट दिसायला लागतो. ती वाढवून १०० ते १२० करा. स्पेकमध्ये हा त्रास नाही. फाईल ओढून टाकली की शून्यापासून खाली १२० डेसिबलपर्यंतचं सगळं दिसतं, पट्टीही सरळ असते. ज्याला कमांड चालवायची सवय आहे त्याच्यासाठी सॉक्स हा प्रोग्राम आहे. त्यातला स्पेक्ट्रोग्राम इफेक्ट अख्ख्या फोल्डरची चित्रं एका दमात काढून देतो.

आणि गाण्याची जागा बघून निवडा. संथ आलापाच्या दोन मिनिटांत १२ किलोहर्ट्झच्या वर मुळात काही नसतंच, तिथे कट शोधणं म्हणजे रिकाम्या शेतात कापसाचं बोंड शोधणं. झांज, टाळ, चिपळ्या, खंजिरी, तबल्याच्या चाटीवरचा कडक ‘ना’, गायकाचा ‘स’ आणि ‘श’ जिथे आहेत तो भाग मोठा करून बघा.

एमपीथ्री कशी ओळखू येते

एमपीथ्री आवाजाचे छोटे तुकडे करते. एका फ्रेममध्ये ११५२ सॅम्पल, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झला साधारण २६ मिलिसेकंद. प्रत्येक तुकड्यात कुठल्या फ्रिक्वेन्सी कानाला ऐकू येणार नाहीत याचा अंदाज बांधते आणि त्यांचे बिट वाचवते. सगळ्यात आधी कात्री लागते ती वरच्या टोकाला. म्हणून १२८ केबीपीएसची (सेकंदाला १२८ हजार बिटांची) एमपीथ्री साधारण १६ ते १७ किलोहर्ट्झवर सुरीने कापल्यासारखी सपाट संपते. १९२ ला कट १८-१९ च्या आसपास जातो, ३२० ला २० किंवा किंचित वर. हे आकडे लेम या एन्कोडरच्या, म्हणजे एमपीथ्री बनवणाऱ्या प्रोग्रामच्या, नेहमीच्या सेटिंगचे. दुसऱ्या एन्कोडरने केलेली फाईल थोडी इकडेतिकडे होईल, त्यामुळे “१९.१ आहे म्हणजे १९२ च” असा कोर्टातला निकाल देऊ नका.

कटच्या उंचीपेक्षा मी १६ किलोहर्ट्झकडे जास्त बघतो. एमपीथ्रीच्या रचनेत साधारण १६ च्या वरच्या शेवटच्या पट्ट्याला स्वतःचा स्केल फॅक्टर (बारकावा ठरवणारा वेगळा आकडा) नाही. तो पट्टा नीट राखायचा तर बाकी सगळीकडे जास्त बिट मोजावे लागतात, आणि एन्कोडर चिक्कू असतो. म्हणून ३२० च्या फाईलमध्येसुद्धा १६ पर्यंत चित्र भरगच्च दिसतं, आणि त्यावर १६ ते २० मध्ये तुटक मनोरे दिसतात: झांज वाजली की एक इमारत उभी राहते, झांज थांबली की मोकळा प्लॉट. नागपूरच्या मिहान या नव्या औद्योगिक भागाच्या रस्त्याने जाताना दिसतं तसं. खऱ्या सीडीत झांजेचा आवाज वर जाताना हळूहळू विरतो, १६ ला उंबरठा लागत नाही.

चित्र आणखी मोठं केलं, म्हणजे पाच सेकंदांचा भाग पूर्ण पडद्यावर आणला, की मधेच काळ्या चौकटी दिसतात. कमी बिटरेटला त्या १० किलोहर्ट्झच्या खालीही सापडतात. कापडाला कसर लागल्यासारखी भोकं. तो ‘पाण्यातून आल्यासारखा’ आवाज याच भोकांचा आहे. तबल्याच्या थापेच्या किंचित आधी पसरट धुकं दिसलं तर तो प्री-एको: तुकड्याच्या मध्यावर थाप पडली, पण चूक अख्ख्या तुकड्यावर सांडली.

हे वाचून डोळा तयार होत नाही. एक संध्याकाळ खर्च करा. तुमच्या खात्रीच्या, दुकानातून घेतलेल्या सीडीवरचं एक झांजेचं गाणं रिप करा, म्हणजे कॉम्प्युटरवर उतरवा. त्याची १२८, १९२ आणि ३२० ची एमपीथ्री करा, मग त्या तिन्ही परत फ्लॅक करा. चारही चित्रं शेजारी शेजारी ठेवा. मी हे २५६ च्या एएसीसाठी (एमपीथ्रीसारखाच आवाज गाळणारा, पण नवा प्रकार) पण केलं होतं आणि गप्प बसलो, कारण कट जवळजवळ नव्हताच. चांगल्या बिटरेटची एएसी नुसत्या चित्रावरून पकडणं फार कठीण आहे. तुम्हाला जमतं असं कुणी छातीठोक सांगितलं तर त्याला चार फाईली नावं झाकून द्या.

युट्यूबवरून ‘फ्लॅक डाउनलोड’ करून देणाऱ्या साइटींबद्दल वेगळं लिहायची गरज नाही. तिथून मिळते ती एएसी किंवा तसाच दुसरा प्रकार, ओपस, आणि साइट तिला फ्लॅकचा कोट चढवते. एएसी असेल तर बऱ्याचदा १६ ला कट, ओपस असेल तर २० ला, आणि ओपसचा सॅम्पल दर ४८,००० दिसतो. ज्या गाण्याचं मूळ सीडीवर आहे ते ४८ किलोहर्ट्झमध्ये आलं, तर ते कुठल्यातरी व्हिडिओच्या वाटेने आलंय असं समजून पुढचा प्रश्न विचारा.

मी खऱ्याला खोटं ठरवलं तो किस्सा

इतवारीतल्या एका काकांनी मला नाट्यगीतांचा एक फोल्डर दिला होता. सगळ्या फाईली १५ किलोहर्ट्झवर कापलेल्या, पट्टी धरून रेघ मारावी तशा. मी चहा संपायच्या आत निकाल दिला, “काका, कुणीतरी एमपीथ्रीच्या फ्लॅक करून तुम्हाला चिटकवल्या.” काका चिडले नाहीत, नुसतं म्हणाले, “मला कोण चिटकवंल बाबू? रेडिओची वायर मीच साउंड कार्डात लावून बसलो होतो.”

तीन दिवसांनी मी पुन्हा चित्र उघडलं, तेव्हा १५ च्या वरच्या काळोखात, बरोबर १९ किलोहर्ट्झवर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक केसासारखी बारीक रेघ दिसली. स्टिरिओ एफएमचा तो पायलट सूर. रेडिओला स्टिरिओ आहे हे कळावं म्हणून स्टेशन तो पाठवतं, आणि त्याला धक्का लागू नये म्हणून आवाज १५ किलोहर्ट्झला आधीच कापलेला असतो. काकांची फाईल पूर्ण लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळलेली, होती. रेडिओतून वायरीने जे आलं ते सगळं तिच्यात होतं, स्टेशनच तेवढं पाठवत होतं. (स्टेशनने आत सीडी लावली की एमपीथ्री, ते काकांच्या वायरीला कळायचा मार्ग नाही.) मी माफी मागितली. त्यांनी तर्री पोहे खाऊ घातले, आणि तेव्हापासून ते मला “रेघवाला” म्हणतात.

यानंतर मी क्रम उलटा केला. आधी रेकॉर्डिंगचा जन्म विचारतो, मग ते चित्रात कसं दिसायला हवं याचा अंदाज बांधतो, आणि मग फाईल उघडतो. बालगंधर्वांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या घ्या. विद्युत ध्वनिमुद्रण जगात सुरू झालं १९२५ मध्ये. त्याआधी गायक कर्ण्यात गायचा आणि वरच्या फ्रिक्वेन्सी तबकडीत पोहोचायच्याच नाहीत. अशा तबकडीच्या प्रामाणिक ट्रान्सफरमध्ये गाणं खालीच संपतं, पण सुईची खरखर पार वरपर्यंत असते, आणि ओरखड्याचा प्रत्येक ‘टक्’ आवाज उभ्या रेघेसारखा २२ पर्यंत चढतो. तशा फाईलमध्ये खरखरही १६ ला कापलेली असेल तर मात्र संशय रास्त आहे. खरखरीला कुठे थांबायचं ते कळत नसतं, तिला कुणीतरी थांबवलेलं असतं: एमपीथ्रीने, नाहीतर आवाज ‘स्वच्छ’ करणाऱ्या कंपनीच्या फिल्टरने. यातलं कोण, ते चौकटीवाल्या भोकांवरून ठरवायचं. फिल्टर भोकं पाडत नाही.

कॅसेटचंही असंच. संगीत १२-१४ किलोहर्ट्झपासून उतरत जातं, डेक मळका किंवा हेड वाकडं असेल तर आणखी खालून. पण उतार असतो, पायरी नसते, आणि टेपची सळसळ वरपर्यंत चालू राहते. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये १५.६ किलोहर्ट्झच्या आसपास आडवी रेघ दिसली तर दचकू नका. आपल्याकडच्या जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीचा तो १५,६२५ हर्ट्झचा सूर, माइकजवळ टीव्ही किंवा मॉनिटर चालू असल्याची खूण. तीच रेघ १५,९०० ला सापडली तर कॅसेट जवळपास पावणेदोन टक्के जोरात चालली होती असं समजा आणि गाण्याची पट्टी दुरुस्त करा. महालातल्या एका घरगुती बैठकीच्या टेपमध्ये तळाला ५० आणि १०० हर्ट्झच्या रेघांवर मे महिन्यातला कूलर रात्रभर घुमतोय. ती फाईल खरी आहे याबद्दल मला कधीच शंका आली नाही.

आणि खोटीला खरी म्हटलं तो

हा किस्सा जास्त लाजिरवाणा आहे. खामल्यातल्या मित्राने एक भीमगीतांचा अल्बम पाठवला. स्पेकमध्ये चित्र २२ पर्यंत भरलेलं. वरचा रंग फिका होता, पण होता. मी ‘खरी’ असा शिक्का मारून मोकळा झालो, आणि ती फाईल माझ्या भरवशावर आणखी सहाजणांकडे गेली.

पुढे हेडफोनवर ऐकताना कोरसमागची खंजिरी खदखदत होती. मित्राला विचारलं तर म्हणाला, “मी काहीच नाही केलं रे, फक्त ऑडॅसिटीत थोडा आवाज वाढवला अन् एक्स्पोर्ट मारली.” तिथेच ग्यानबाची मेख होती. ऑडॅसिटी आत ३२ बिट फ्लोटमध्ये, म्हणजे १६ बिटांपेक्षा खूप बारीक आकड्यांत, काम करते. तिथून १६ बिटात उतरवताना ती डिथर, म्हणजे अगदी बारीक गोंगाट, मिसळते. नेहमीच्या सेटिंगमध्ये तो ‘शेप्ड’ असतो, म्हणजे बराचसा गोंगाट कानाला कमी जाणवणाऱ्या वरच्या पट्ट्यात ढकललेला. एमपीथ्रीने मोकळी केलेली जागा या गोंगाटाने भरून निघाली होती.

हे ओळखायचं कसं, तर धुकं संगीताबरोबर हलतं का ते बघायचं. खऱ्या फाईलमध्ये खंजिरी वाजली की २० किलोहर्ट्झलाही उजळ उभी रेघ येते आणि विरते. डिथरचं धुकं मात्र गाणं सुरू व्हायच्या आधीच्या शांततेतही तेवढंच असतं, दोन कडव्यांच्या मध्ये तेवढंच, आणि त्याच्या खाली संगीत १६ ला मुकाट्याने संपलेलं दिसतं. हल्ली वरचा भाग नव्याने ‘तयार’ करून देणारे प्लगइनही आहेत. त्यांचा नमुना खालच्या पट्ट्याची वर मारलेली नक्कल वाटतो. त्यात मी अजून पक्का नाही, त्यामुळे निकाल देत नाही.

चित्राबाहेरचा पुरावा

सीडीवरचा ऑडिओ सेकंदाला ७५ फ्रेममध्ये असतो, प्रत्येक फ्रेममध्ये ५८८ सॅम्पल. सीडीवरून नीट रिप केलेल्या गाण्याच्या एकूण सॅम्पलना म्हणूनच ५८८ ने पूर्ण भाग जातो. फूबार या प्लेअरच्या प्रॉपर्टीजमध्ये सॅम्पलचा आकडा मिळतो. समजा १,११,३६,७२० आहे. भागिले ५८८, उत्तर बरोबर १८,९४०, बाकी शून्य, म्हणजे ४ मिनिटं १२ सेकंद आणि ४० फ्रेम. बाकी उरली तर फाईल सीडीवरून जशीच्या तशी आलेली नाही. कुणी सुरुवातीची शांतता कापली असेल, किंवा मध्ये एमपीथ्री आली असेल. ११५२ ने भाग गेला तर एमपीथ्रीचा वास जास्त येतो. उलट दिशेने मात्र हा नियम चालत नाही: चांगले डीकोडर लेमची नोंद वाचून पुढचं-मागचं भरताड कापतात आणि लांबी पुन्हा ५८८ च्या पटीत आणून ठेवतात. म्हणजे बाकी उरली तर चौकशी करा, नाही उरली तर हुरळून जाऊ नका.

सीडी रिप करणाऱ्या एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या प्रोग्रामचा लॉग आणि ॲक्युरेटरिप या, इतरांच्या रिपशी ताडून बघणाऱ्या, डेटाबेसचा जुळलेला आकडा हे चांगले पुरावे. क्यूटूल्स या प्रोग्रामने आख्खा अल्बम नंतरही डेटाबेसशी ताडून बघता येतो. पण त्यातून एवढंच सिद्ध होतं की ही त्या सीडीची बरोबर प्रत आहे. सीताबर्डीच्या फुटपाथवरून घेतलेली ‘ऑडिओ सीडी’ एमपीथ्रीपासून बर्न केलेली असेल, तर लॉग शंभर टक्के येईल आणि आतला माल तोच राहील. सीडी उलटी करून बघा. चकचकीत चांदीसारखी बहुधा कारखान्यात छापलेली, निळसर-हिरवट किंवा जांभळट असेल तर घरगुती बर्न. आणि छापलेल्या सीड्याही सगळ्या सोवळ्या नाहीत. छोट्या लेबलांनी मूळ टेप हरवल्यावर एमपीथ्रीवरूनच मास्टर केलेल्या सीड्या माझ्या कपाटात दोन आहेत, १६ च्या कटसकट. त्यांची नवी, चांगली फ्लॅक कुठे मिळेल हे विचारू नका. मिळत नाही.

‘हाय-रेझ’वाल्यांसाठी, म्हणजे सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या फाईली जमवणाऱ्यांसाठी, दोनच वाक्यं. ९६ किलोहर्ट्झच्या फाईलमध्ये सगळं २२ ला सपाट संपत असेल, तर ती सीडी फुगवून केलेली असण्याचीच शक्यता मोठी. आणि २४ बिटवाल्या फाईलचे खालचे आठ बिट सतत शून्य असतील, तर ते २४ फक्त लेबलावर.

खोटी निघाली तर पुढे काय

सगळ्यात वाईट उपाय म्हणजे “एमपीथ्रीच आहे ना, मग परत एमपीथ्री करून जागा वाचवू.” दुसऱ्यांदा कात्री लागते, आणि या वेळी आधीच कुरतडलेल्या कापडाला. मूळ एमपीथ्री मिळाली तर ती ठेवा आणि फ्लॅक पुसा. नसेल मिळत तर फ्लॅक तशीच राहू द्या. फक्त टॅगच्या कॉमेंटमध्ये स्पष्ट लिहा, म्हणजे तुमच्यानंतर ती ज्याच्या हाती पडेल त्याने तिच्यावर नॉइज रिडक्शन चालवून वेळ वाया घालवायला नको. भोकं पडलेल्या फाईलवर खरखर काढायचा प्रयोग केला की उरलासुरला ‘पाण्याचा’ आवाजच वर येतो.

माझं वय बावन्न. १४ किलोहर्ट्झच्या वरचं मला काही ऐकू येत नाही, त्यामुळे चांगल्या ३२० आणि सीडीतला फरक मला कानाने कळतो असा दावा मी करत नाही. मला सांभाळून ठेवायचं आहे ते पुढच्या कॉपीसाठी, म्हणून प्रत्येक फाईलच्या कॉमेंटमध्ये एक ओळ असते: कुठून आली, काय दिसलं, निकाल. खामल्याच्या अल्बमवर आहे, “पेनड्राइव्ह, १६ ला कट, वर डिथर, एमपीथ्री.” ती ओळ मी सहाहीजणांना पाठवली, चौघांनी आपल्या फाईलवरची नोंद बदलली. काकांच्या नाट्यगीतांवर आहे, “एफएमवरून, १५ ला कट, १९ ला पायलट, खरी.”